रंगाखालचा नंबर

वाळूवर निळी फळी पडली होती. रंग इतका ताजा, की समुद्रालाही तो उतरवता आला नव्हता.

नारळी पौर्णिमेआधी आमच्याकडे होड्या रंगवतात. नव्या रंगाखाली नोंदणीचा नंबरही जातो आणि तो पुन्हा लिहायला रंगारी सवडीने येतो. यंदा तो यायच्या आधीच शेजारचा नामदेव समुद्राला नारळ वाहून मासेमारीला गेला. परत आली ती ही एवढी फळी.

विमा कंपनीचा माणूस फळीपाशी उकिडवा बसला होता. माणूस वाईट नव्हता.

"वहिनी, नंबर दिसल्याशिवाय होडी तुमचीच असं मी कसं लिहू? जरा खरवडून बघा, खाली असेल."

नामदेवच्या बायकोने सुरी चालवली. निळ्याखालून एक पांढरा आकडा वर आला आणि तिचा हात थांबला.

आपण भांड्यांवर नावं घालतो, ती चुकलेलं भांडं घरी यावं म्हणून. होडीचा नंबरही मी तसाच समजत होतो. इथे नंबर घरी आला असता, माणूस नाही.

"खरवड ना," मीही म्हणालो. आणखी काय म्हणणार?

"भाऊ, आता ही कुणाचीबी फळी हाय," ती म्हणाली. "सगळा नंबर निघाला की आमच्या ह्यांचीच होईल."

तिने मूठभर ओली वाळू उचलली आणि तो उघडा आकडा लिंपून टाकला.