दहिवलीतला वॉल्ट्झ आणि मस्कतचा फोन

मंडळी, आज मी चक्क वॉल्ट्झ, म्हणजे तो जोडीनं गोल फिरत करायचा विलायती नाच, शिकायला गेले!

आमच्या दहिवलीत बायकांचा डान्स क्लास सुरू झालाय. जोडीला शेजारची रेहाना होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मी तिच्या खांद्यावर. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मी सारखी अडखळत होते.

"अगं, इतकी ताठ का उभी हायस?" ती म्हणाली. "जरा माझ्या हातावर रेल. पडू नाय देनार तुला."

मी रेलले आणि पाय तालात पडायला लागले. पण डोळे भरून आले. आमचे हे गेली दोन वर्षं मस्कतला नोकरीला आहेत. घर, सासूबाई, मुलीची शाळा, सगळं एकटीनं बघते. कुणावर असं रेलता येतं, हेच विसरले होते.

घरी येऊन त्यांना व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं, हसतील. त्यांनी फोन कपाटाला टेकवला, उभे राहिले आणि म्हणाले, "मला पण शिकव."

तिकडे ते, इकडे मी, रिकामे हात पुढे धरून आम्ही गोल फिरलो. मग त्यांची ड्युटीची वेळ झाली.

तुमचंही माणूस लांब आहे का? तुम्ही काय करता हो अशा वेळी?