बरोबर उत्तरं देणारी मुलगी

चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होते तेव्हाची गोष्ट. एकदा पहिली शिफ्ट सुटल्यावर आम्हा मुलींना कॅन्टीनमध्ये बसवलं. एका संस्थेच्या मॅडम एचआयव्हीबद्दल सांगायला आल्या होत्या. त्या प्रश्न विचारायच्या आणि आम्ही माना खाली घालायचो. उत्तरं देत होती फक्त माझी रूममेट. डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. आईने वेळेवर औषध घेतलं तर बाळ वाचतं. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू दिसेनासा झाला, तर नवऱ्यालाही लागण होत नाही. मॅडमनी टाळ्या वाजवून तिला पाण्याची बाटली बक्षीस दिली.

बसमध्ये मागून कुणीतरी म्हणालं, "हिला एवढं कसं गं माहीत?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण भोसरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळायला लागलं. खरंच, कसं माहीत?

आमची खोली एक, मोरी एक. ती रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची. इतके दिवस मी कधी लक्ष दिलं नव्हतं. ती अंघोळीला गेल्यावर मी डबीचा फोटो काढला आणि मेडिकलवाल्याला दाखवला. "थायरॉईडची आहे," तो म्हणाला. तरी मन मानेना. डबी थायरॉईडची, पण आत दुसरंच काही असलं तर? मी माझा कप वेगळा ठेवायला लागले. नेलकटर आम्ही दोघी एकच वापरायचो, ते आठवून माझी झोप उडाली.

शेवटी सुट्टीच्या दिवशी, तिला न सांगता, सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करून घेतली. तिथल्या ताईंनी शांतपणे सगळं समजावलं. कॅन्टीनमध्ये तिने जे सांगितलं होतं, तेच. रिपोर्ट निगेटिव्ह आला. हायसं वाटून बाहेर आले, तर समोर बीपीच्या गोळ्यांच्या रांगेत आमच्या घरमालकीणबाई! त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागच्या दारावरच्या 'एचआयव्ही तपासणी'च्या पाटीकडे.

संध्याकाळी त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आत काही आल्या नाहीत.

"काय गं, दवाखान्यात त्या तपासणीच्या खोलीतनं भाईर आलीस, तुला त्यो आजार हाय का? खरं सांग. आमच्या घरात लेकरं हायती."

रिपोर्ट पर्समध्ये होता, पण मी तो काढून दाखवला नाही.

रूममेट भाकरी थापत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी उठली. "काकू, तपासणी केली म्हणजे आजार असतो का? मीही केलीय. आणि असता तरी तुमच्या लेकरांना काही झालं नसतं."

"तसं न्हाई गं, पण लोक बोलत्यात," असं पुटपुटत मालकीणबाई निघून गेल्या. खोली सोडा म्हणाल्या नाहीत. पण पुढे कित्येक दिवस आम्ही पाणी भरलं, की त्या अंगणातला नळ धुऊन घ्यायच्या. मला ते खिडकीतून दिसायचं.

त्या रात्री जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "तू कप वेगळा केलास, तेव्हाच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू मला विचारलंस का?"

मग धीर करून विचारलंच, "तुला एवढं सगळं कसं माहीत?"

"शाळेत धडा होता. आमच्या बाईंनी पुरा शिकवला. पुढचं मोबाईलवर वाचलं."

आमच्याही पुस्तकात तो धडा होता. सरांनी "हा घरी वाचा" म्हणून पान उलटलं होतं आणि मागच्या बाकावरची मुलं खिदळली होती. मी तो घरी कधीच वाचला नाही.

उत्तर साधं होतं, पटण्यासारखं होतं. तरी पहिला घास तोंडात घालताना माझ्या मनात आलंच, एवढंच असेल का? स्वतःची लाज वाटली. पुन्हा काही विचारलं नाही.