कोंबडीवाली पिकअप

माझ्या विद्युल्लता आत्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी तिथल्या तिथे भांडते, हे आधीच सांगून ठेवते. तिच्या गाडीबद्दल बोललं तरी भांडते. आणि इथे, दुबईच्या पलीकडच्या रास अल खैमात, त्या गाडीबद्दल बोलले नाहीत असे मराठी लोक फार थोडे.

आत्या मूळची भुसावळची. तिचे मिस्टर, म्हणजे आमचे वसंतराव काका, एका सिमेंट कंपनीत अकाउंट्समध्ये. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्याकडे कोणीतरी वारल्यासारखे बघायचे. आत्या एकटीच म्हणाली, "छाये, छताकडे बघत बसण्यापेक्षा माझ्याकडे ये, वांगी भाज." मी गेले.

इथे उन्हाळ्यात माणूस घरातून फक्त गाडीत आणि गाडीतून फक्त मॉलमध्ये जातो. नोव्हेंबर लागला की मात्र सगळे सुटल्यासारखे वाळवंटात पळतात. आत्याचा धंदा तेव्हाचा. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीला, वाळूत जाळ करायचा, वांगी भाजायची, मुसळाने ठेचायची, वर लसूण-मिरचीची फोडणी, सोबत कळण्याच्या भाकरी. दुबई-शारजाहून मराठी लोक गाड्या भरभरून येतात. वांग्याचं बी आत्याने गावाहून बॅगेत आणलं आणि दिगदागाला एका शेतात लावून घेतलं. हिरवी, लांबट, आमच्याकडची वांगी. इथल्या जांभळ्या वांग्याला ती वांगं म्हणतच नाही.

आता गाडी. आधी आमच्याकडे मोठी फोर-बाय-फोर होती. पांढरी, उंच, चढायला पायरी लागायची. ती काकांचा जीव होती. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी तीन वर्षं काढलं नव्हतं. घामाने आपण चिकटायचो आणि उतरताना फर्रर्र आवाज यायचा, पण प्लास्टिक काढायचं नाही. अशा गाडीत आत्या दर शुक्रवारी वांगी, लाकडं आणि पातेली भरायची, आणि काका चालवताना दर गतिरोधकाला डोळे मिटायचे.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात एका सकाळी आम्ही निघालो तर सगळीकडे धुकं. मागे सामान आणि सामानात मी. पुढे जागा नाही म्हणून लवंगी मिरचीच्या तिखटाची पिशवी आत्याच्या मांडीवर. समोरची काच आतून धुरकटली म्हणून काकांनी ब्लोअर लावला. तेवढ्यात धुक्यातून उंट आला. काकांनी ब्रेक मारला, पिशवी उडाली, डॅशबोर्डवर फुटली आणि निम्मं तिखट ब्लोअरच्या जाळीतून आत गेलं. निम्मं ब्लोअरने आमच्या तोंडावर फेकलं.

पुढचा बराच वेळ त्या गाडीत कोणी माणसासारखं वागलं नाही. मी दार शोधत होते आणि मला वांगीच सापडत होती. उंट खिडकीतून आत बघत उभा राहिला. मग तोही शिंकला आणि निघून गेला.

त्यानंतर ती गाडी हिवाळ्यात चालवण्याची सोय उरली नाही. ब्लोअर लावला की तिखट, बंद केला की काच धुरकट. काकांनी उपाय काढला. माकडटोपी घालून, खिडकीतून डोकं बाहेर काढून ते ऑफिसला जायला लागले. सनैयातल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातल्या, मोहिद्दीनच्या गॅरेजमध्ये दोनदा साफ करून घेतली. तिसऱ्यांदा नेली तेव्हा मोहिद्दीन लांबूनच म्हणाला, "भाभी, खलास. पूरा डॅशबोर्ड खोलना पडेगा. और मैं नहीं खोलेगा."

"मग ठेवून घे," आत्या म्हणाली. "त्याच्या बदल्यात ती कोपऱ्यातली पिकअप दे."

काका तेव्हा टायर बघत होते. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. संध्याकाळी पिकअप दारात.

एकच केबिन, पुढे तिघांची सलग सीट, मागे उघडा हौदा. ब्लोअर नाही, एसी नाही, काच पुसायला फडकं. पहिल्या मालकाचा चिकनचा धंदा होता, त्यामुळे दोन्ही दारांवर ही एवढी कोंबडी रंगवलेली. साधी कोंबडी नाही. पापण्या असलेली, हसणारी.

काका खाली आले, दाराकडे बघितलं, कोंबडीने त्यांच्याकडे बघितलं.

"विद्या, हे काय आहे?"

"गाडी आहे. मसाला सांडला तरी वाऱ्यावर जाईल."

"मी कंपनीत अकाउंट्स मॅनेजर आहे. मी कोंबडीच्या गाडीत बसणार नाही."

"अहो, रंगवून घेऊ."

पेंटरला आत्याने सांगितलं, भरिताचा धंदा आहे, वांगं काढ. त्याने कोंबडी पुसायच्या ऐवजी तिच्याखाली वांगं काढलं. आता कोंबडी वांगं उबवत बसली होती. आत्या इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. म्हणाली, "आता नाही पुसायची. कोंबडीने माझं काय वाकडं केलंय?"

"मग मी बसणार नाही," काका म्हणाले. "जोवर ही बाई दारावर दिसतेय तोवर नाही."

त्यांचा मुलगा तनिष दहा वर्षांचा. तो म्हणाला, "मॉम, प्लीज ड्रॉप मी वन रोड बिफोर स्कूल." म्हणजे बापाची बाजू. मी अर्थात आत्याची.

महिना गेला. काका ऑफिसला शेजाऱ्याबरोबर जायचे आणि शुक्रवारी महाराष्ट्र मंडळाच्या देवदत्तच्या गाडीतून यायचे. देवदत्तची फोर-बाय-फोर नवी कोरी होती आणि तो प्रत्येकाला ती किती चढते ते सांगायचा. लोक आम्हाला वाळूत लांबून ओळखायला लागले. "ती बघ कोंबडी, तिकडे वळव." आत्याचं भरीत संपायला लागलं. सगळं झकास चाललं होतं, पण सीटवर खिडकीकडची जागा ती मला देईना. मी मध्ये, गिअरचा दांडा गुडघ्यात घेऊन, आणि खिडकीपाशी काकांच्या चहाचा थर्मास.

एकदा मी म्हणाले, "आत्या, थर्माससाठी मी वाकडी का बसू?"

"मीठ कोण बघणार?" ती म्हणाली.

एवढंच. फोडणी दिल्यावर पहिला घास काकांनी खायचा आणि मीठ सांगायचं, असं लग्न झाल्यापासून होतं. ते देवदत्तबरोबर येऊन मंडळाच्या खुर्च्यांत बसायचे, चुलीकडे फिरकायचे नाहीत. गेले चार शुक्रवार भरीत खारट होत होतं. लोक बोलत नव्हते. मी बोलले असते, पण आत्या तव्यावरची भाकरी उलटायला विसरून खुर्च्यांकडे बघत होती, म्हणून मी भाकरीच उलटली.

मग जानेवारीत मंडळाची मोठी भरीत पार्टी आली. आदल्या दिवशी पाऊस पडला. इथे पाऊस पडला की लोक वेडे होतात, गाड्या घेऊन पाणी बघायला जातात. समुद्राकडच्या बाजूला सबखा आहे, म्हणजे मिठाची सपाट जमीन. वरून टणक दिसते, पाऊस झाला की खाली नुसतं लोणी. आत्या वळसा घालून वाळूवरून गेली. देवदत्त म्हणाला, "वहिनी, माझी चढते," आणि सरळ गेला.

चढली नाही. उतरली. पोटापर्यंत.

आम्ही लांबून बघितलं तर गाडीचं टप दिसतंय आणि खिडकीतून माकडटोपी. आत्याने पिकअप वळवली, काठावरच्या वाळूवर उभी केली, मी चिखलातून जाऊन दोर बांधला. रिव्हर्समध्ये ओढलं तर आमचीच मागची चाकं काठावरच्या चिखलात फिरायला लागली आणि करडा चिखल असा उडाला की मी, दोर, हौदा, दारं, सगळं एका रंगाचं झालं. तिसऱ्या झटक्याला देवदत्तची गाडी बाहेर आली, पण तिच्यातून धूर यायला लागला.

देवदत्त बॉनेट उघडून उभा राहिला. म्हणाला, "दुबईहून ओढून न्यायला रिकव्हरीची गाडी मागवतो."

"वसंतराव, तुम्ही?" आत्याने विचारलं. नावाने हाक ती फक्त रागात मारते.

"मी थांबतो इथे."

"जेवायचं काय?"

"भूक नाही."

मी चिखल झटकत म्हणाले, "काका, दीडशे माणसं तिकडे खारट भरीत खाणार आहेत. चार शुक्रवार खाताहेत. कोणी सांगत नाही, मी सांगते."

काका आत्याकडे बघायला लागले. "खारट?"

"मला काय माहीत," आत्या म्हणाली. "मी कुठे चाखते."

काका खाली उतरले. बूट हातात घेऊन पिकअपपाशी आले आणि दारासमोर उभे राहिले. दारावर बोटभर जाड चिखल. कोंबडी नाही, पापण्या नाहीत, वांगंही नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं. तिकडेही नाही. मग एकदा पूर्ण फेरी मारून परत आले.

"दिसत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"ती बाई."

"नाही दिसत," आत्या म्हणाली. "बसा."

थर्मास माझ्या मांडीवर आला, दांडा गुडघ्यात होताच. काका खिडकीपाशी बसले. सीटवर हात फिरवून म्हणाले, "प्लास्टिक घालायला पाहिजे याला." आत्याने गिअर टाकला आणि माझा गुडघा फोडला. पार्टीत फोडणी झाल्यावर काकांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "कमी आहे." ती चिमूटभर टाकून त्यांच्याकडे बघत राहिली, त्यांनी मान हलवली, मगच वाढायला सुरुवात झाली.

त्यानंतर काकांनी घरात हुकूम काढला की पिकअप धुवायची नाही. मी बादली घेतली की ते बाल्कनीतून ओरडायचे, "राहू दे गं, पाणी वाया जातं." चिखल सुकला, उन्हाने तडकला आणि फेब्रुवारीत ढलप्या पडायला लागल्या. सगळ्यात आधी एक डोळा निघाला. पापणीसकट. काकांनी बसताना बघितला, मी बघितलं की त्यांनी बघितला.

त्यांनी रुमालाचं टोक काचेच्या फटीत खोचून तो त्या डोळ्यावर सोडला, दार उघडून आत बसले, काच खाली करून रुमाल परत ओढून घेतला आणि म्हणाले, "यल्ला, चल, वांगी सुकतील."