माडीवरच्या सरांची बॅग

इतका घाबरट आणि तरीही इतका शूर माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेल्यामुळे घाबरट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, तेव्हा हे मी विचार करून लिहिते आहे. आमच्या माडीवर भाड्यानं राहणारे ते कॉलेजचे बास्केटबॉलचे कोच. पोरांनो, तुम्ही दोघांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर एकदा पाहिलं आहे. माझ्या पाठीमागून जिन्यानं वर जाताना तुमच्याकडे बघून त्यांनी हात जोडले होते. राहायला आले त्या दिवशी त्यांनी एक काळी बॅग पलंगाखाली ठेवली, ती पुढं कधी रिकामी केलीच नाही. रोज सकाळी त्यातून कपडे काढायचे, धुऊन, वाळवून, घडी करून संध्याकाळी पुन्हा त्यातच ठेवायचे आणि चेन ओढायची. खोलीत भिंतीतलं चांगलं मोठं कपाट आहे. "सर, कपाट तुमच्यासाठीच रिकामं केलंय," मी म्हणाले, तर म्हणाले, "असू द्या बाई. कपाटातनं आवरायला वेळ लागतो."

नोकरी कधीही जाईल हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की त्यांच्या संसारात मोठी वस्तू एकही नव्हती. शाम्पू पुडीतला, तेल पुडीतलं, साबण अर्धा कापून आणलेला. मीठ संपलं की वाटी घेऊन खाली यायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, मिठाची एक पिशवी घ्या की." त्यावर शांतपणे म्हणाले, "बाई, आज हाय, उद्या न्हाय. मीठ कुठं घेऊन फिरू?" चहा नेहमी उभ्यानं प्यायचे. बसलं की माणूस रुजतो, असं त्यांचं म्हणणं. पण या सगळ्यावर कडी म्हणजे गाडीचा अभ्यास. कॉलेजला पैसे देणाऱ्या मालकांची पांढरी गाडी आमच्या घरावरून जाते. ती सकाळी हायवेकडे, म्हणजे त्यांच्या पेट्रोल पंपाकडे गेली, तर दिवस सुखाचा. कॉलेजकडे वळली तर धोका. मी सकाळी अंगणात फुलं काढत असते हे त्यांना ठाऊक, त्यामुळे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून रोज तोच प्रश्न: "बाई, गाडी कुठल्या बाजूला गेली?" मी "पंपाकडे" म्हटलं की एक मोठा श्वास सोडायचे आणि मग चहाचा पहिला घोट घ्यायचे. पुढं पुढं गाडी येईपर्यंत मलाही फुलं सुचेनाशी झाली.

ही भीती उगाच नव्हती. कॉलेजात पक्की जागा नाही, पगार मालकांच्या खिशातून. मालकांचा हायवेवर पंप आणि दोन ढाबे. मुलाला पुण्याच्या कॉलेजात सोडायला गेले, तिथं बास्केटबॉल पाहिला आणि परत आले ते आमच्या नळदुर्गात बास्केटबॉल आणायचाच हे ठरवून. आपल्याकडे मुलींची खो-खोची टीम चांगली होती, पण तिला कुणी बूट दिले नव्हते. खो-खोच्या मैदानाचा निम्मा भाग गेला आणि तिथं सिमेंटचं कोर्ट आलं. बूट, गणवेश, सकाळची अंडी आणि केळी, सगळं बास्केटबॉलला. मग मुली तरी काय करतील? सास्तूरहून एसटीनं येणारी खो-खोची कॅप्टन दुसऱ्याच दिवशी कोर्टावर येऊन उभी राहिली. सरांचंही तसंच. ते मूळचे भूमकडचे, अस्सल खो-खोवाले. "पण जाहिरात बास्केटबॉलची निघाली की बाई. येतं का म्हनले, म्या म्हनलो येतं. मग रात्रंदिवस मोबाईलवर बघून शिकलो." आणि मालकांचा नियम असा की जो कोच फायनलला नेणार नाही, त्यानं पुढच्या वर्षी तोंड दाखवू नये. सरांच्या आधीचे दोघं याच माडीवरून गेले होते, मुलींची खो-खोची सवय काही त्यांना मोडता आली नव्हती.

सुरुवातीची प्रॅक्टिस मी कुंपणाबाहेर उभी राहून पाहिली आहे. मुली वाऱ्यासारख्या पळायच्या, पण बॉल दुसरीला दिला की सवयीनं जागच्या जागी उकिडव्या बसायच्या. कोर्टभर बसलेल्या मुली आणि मधे बॉल घेऊन गोंधळलेली एकटी. सर ओरडायचे, "उठा गं, हितं बसायचं नसतं!" आणि स्वतः घाईला आले की तेच "खो दे, खो दे!" म्हणून ओरडायचे. बास्केटच्या मागच्या फळीवर मालकांनी आपलं नाव मोठ्या लाल अक्षरांत रंगवून घेतलं होतं. सरांनी मुलींना शिकवलं, आडनावाच्या वेलांटीवर बॉल मारा, बरोबर आत पडतो. तो खरंच पडायचा. मालकांच्या कानावर गेल्यावर ते जरा दुखावले, पण मग सरांना म्हणाले, "मारू द्या. पण नुसत्या वेलांटीवर, बाकी नावाला धक्का नको." त्या रात्री सरांनी बॅगेची चेन दोनदा तपासली.

मग तू, थोरल्या, मला सांगितलंस की तुमच्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या फुटबॉल कोचला प्रिन्सिपॉलपेक्षा कितीतरी जास्त पगार आहे, आणि हरला म्हणून त्याला काढलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे देऊन घरी बसवलं. मी हे सरांना सांगितलं आणि पहिल्यांदाच ते खुर्चीवर बसले.

"काढल्यावर पैसे देतेत?"

"हो म्हणे."

"काम न करता?"

"करारच तसा असतो."

खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "मग तिथल्या कोचला झोप लागत असंल, बाई." त्यानंतर कुणी पाहुणे आले की मला ती गोष्ट पुन्हा सांगावी लागे, आणि दर वेळी सर एखादी कथा ऐकावी तशी मान हलवत ऐकत.

विद्यापीठाच्या स्पर्धा यंदा आमच्याच कॉलेजात झाल्या, कारण सगळ्या टीमच्या जेवणाचा खर्च मालकांनी उचलला. मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. सर कोर्टाच्या कडेला सारखे येरझारा घालत होते, चेहरा पांढराफटक. मालक मला म्हणाले, "बाई, ह्यो मानूस बसत का न्हाय? म्या खुर्ची दिली न्हाय व्हय त्याला?" मी म्हटलं, "तुम्ही बघताय म्हणून बसत नसतील." मालक खूष झाले. आमच्या मुली उंचीनं समोरच्यांच्या खांद्याला लागत होत्या, पण खो-खोत अंग चोरायला शिकलेल्या. हाताखालून, बगलेतून, कुठूनही निसटायच्या. आमची टीम फायनलला गेली आणि फायनल जिंकलीसुद्धा. शेवटचा बॉल वेलांटीवर बसला. मालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सर मात्र तेव्हा कोर्टाच्या कडेला उकिडवे बसले होते, दोन्ही हातांत तोंड धरून.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून मिठाची पिशवी घेऊन आले. लोणच्याची बरणीही आणली, चांगली मोठी, चिनी मातीची. त्या आठवड्यात कपडे कपाटात गेले. बॅग झटकून उन्हात ठेवली. मग म्हणाले, "बाई, भिंतीला एक खिळा मारू का? टीमचा फोटो लावायचाय." मी हातोडी काढून दिली.

वर ठोकाठोक चालू होती आणि पांढरी गाडी आमच्या दारात येऊन थांबली. मालक आत आले, पाणी प्याले, म्हणाले, "बाई, खोली पुढच्या महिन्यापर्यंत जरा रंगवून ठेवा. मोठा कोच येतोय. लांबचा हाय, पगार लई हाय, पन आता वरच्या लेव्हलला जायचं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "आणि हे सर?"

"ह्यांचं काम चांगलंच हाय, न्हाय म्हनत न्हाय. पन ते हितल्या मानानं."

"अहो, पण जिंकले ना ते?"

"जिंकले म्हनूनच की, बाई." मालक खरोखर समजावून सांगत होते, त्यांच्या आवाजात वाईटपणा नव्हता. "हरले असते तर येवढा खर्च कोन करतंय?"

वरची ठोकाठोक थांबली होती. मालक गेल्यावर मी जिना चढले. गुडघ्यांमुळे मी सहसा चढत नाही. सर पलंगावर बसले होते, हातोडी मांडीवर, फोटो भिंतीवर अगदी सरळ लागलेला. काय आणि कसं सांगावं हे मी पायऱ्यांवर जुळवत आले होते, पण त्याची गरज पडली नाही.

"गाडी हितं थांबलेली दिसली खिडकीतनं," ते म्हणाले. "पंपाकडं गेली तर काय, कॉलेजकडं गेली तर काय, सगळं ठाऊक होतं. थांबली तर काय, ते म्या कधी धरलंच न्हाय."

आवरायला त्यांना दुपार झाली. कपाटातून आवरायला वेळ लागतो हे त्यांचं बरोबर होतं. निघताना बरणी माझ्या ओट्यावर ठेवली, फोटो काखेत घेतला, आणि मी केलेला चहा उभ्यानंच प्याले.

नवे कोच आले आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी चार सुटकेसा रिकाम्या केल्या. माणूस सभ्य आहे, इंग्रजी चांगलं बोलतो. फळीवर नाव नवीन रंगानं आणखी मोठं झालं आहे. सास्तूरची मुलगी अजून वेलांटीच शोधते म्हणतात. तिची मला काळजी वाटते, कारण नव्या कोचना उंच मुली हव्या आहेत. खिळा मात्र मी रंगवणाऱ्यांना काढू दिला नाही.

आपले सर आता भूमजवळच्या एका शाळेत खो-खो शिकवतात, तेही तासांवर. रविवारी त्यांचा फोन येतो. आधी तुमची चौकशी करतात, मग हळूच विचारतात, "गाडी आज कुठल्या बाजूला गेली?" आता त्यांना त्याचं काय, पण मी पाहून ठेवलेलं असतं, सांगते. गेल्या रविवारी मीच विचारलं, "सर, बॅग उघडली का?"

मग म्हणाले, "अर्धी, बाई."