पडवीतली पडद्यावरची बाई

सन एकोणीसशे छत्तीस. मी एकवीस वर्षांचा होतो. शाळा मराठी दुसरीपर्यंत, पण कोणी शहाणपण शिकवायला आला तर मी ऐकून घेत नसे. आजही घेत नाही.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेवर आमचं गाव. भातकापणीच्या सुमाराला आसनगाव स्टेशनावरून बैलगाडीत बसून एक बाई आली, हवापालटाला म्हणून. आईने तिला आमची पडवी राहायला दिली. वय तिशीच्या आसपास, आवाज घोगरा, आणि केस कानापर्यंतच. केस कापलेली बाई म्हणजे आम्हाला एकच माहीत, बामणाघरची बोडकी केलेली विधवा. हिचे आता वाढायला लागलेत, आवाज बसलाय तो रडून रडून, असं बायकांनी विहिरीवर ठरवून टाकलं. मग काय, कामाला निघताना ती समोर आली की लोक मागे फिरत. मीही फिरायचो. ती मुकाट पडवीत जायची.

पौषात म्हशाच्या जत्रेला चुलता आणि मी बैल घ्यायला गेलो. चुलता गावचा पंच, त्याचा शब्द खाली पडत नसे. बैल ठरला, तो ओळखीच्या माणसाजवळ बांधून दिवेलागणीला आम्ही सिनेमाच्या तंबूत शिरलो. मुंबईत बोलके सिनेमे कधीचेच आले होते, पण आमच्याकडे अजून मुकेच. एक जण पेटी वाजवी आणि दुसरा कापडाशेजारी उभा राहून कोण काय बोलतंय ते ओरडून सांगे.

कापडावर घोडा भरधाव आला. वर बाई! बिनबाह्यांचं पोलकं, तोंडात सिगारेट. खाली उडी मारून तिने एका मिशीवाल्याच्या कानाखाली वाजवली. तंबूत शिट्ट्याच शिट्ट्या. मग तिचं तोंड कापडभर मोठं झालं आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. आमच्या पडवीतली बाई! तेच केस, तीच हनुवटी.

"बस रे खाली, तू काय काचेचा हायस?" मागून कोणी तरी ओरडलं.

"हिचे फोटो काडेपेटीवर होते," सांगणारा ओरडत होता, "आता हिला कोण विचारतो? मेली असंल कुठं तरी!"

सगळा तंबू हसला. बाई आमच्या पडवीत भात शिजवून खात होती आणि ही माणसं तिला मारून मोकळी झाली होती.

चुलत्यानेही ओळखली होती. दुसऱ्या दिवशी बैल घेऊन परतताना वाटभर तेच.

"बोडकी म्हणून ठेवली, ही तं सिनेमातली निंगाली! बिडी वडते रे!"

"काकी मिसरी लावते ती?"

"मिसरीचा धूर निंगतो का?"

"आन् तुमी शिट्टी मारली ती?"

चुलत्याने बैलाला दामटलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी माणसं जमवतो. दुपारच्या आत ती गावाबाहेर पायजे. विधवा सांगून फसवलंन आपल्याला."

घरी पोचलो. बैल आंब्याला बांधला आणि हातपाय न धुताच पडवीच्या दाराशी गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"बाय, म्हशाच्या तंबूत तुमाला पाह्यलं. घोड्यावर."

तिचे हात थांबले. "अजून दाखवतात तो?" म्हणाली. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती तर कोणी मेलेलं माणूस परत आल्यासारखी बघत राहिली.

"घोडा खरा व्हता?"

"खरा. त्याच्यावरून मी पडली ती पण खरी."

"आन् विधवा, ते खोटं?"

"मी कधी बोलली मी विधवा आहे? केस बघून तुम्हीच ठरवलं. माझं लग्नच नाही झालं." सूप बाजूला ठेवून म्हणाली, "हेच केस बघायला लोक तिकीट काढायचे. पोरी असे कापून घ्यायच्या आणि घरी मार खायच्या. मग बोलपट आला. माझा आवाज हा असा. एका सकाळी रखवालदारच बोलला, आत जायचं नाही. इथे विधवेला कोणी काही विचारत नाही, म्हणून गप्प राहिली."

मी उंबऱ्यावरच बसलो. तंबूतला धक्का यापुढे काहीच नव्हता. लग्न न झालेल्या बाईचा नवरा आमच्या अख्ख्या गावाने मारला होता!

"चुलता उद्या तुमाला काढनार," मी सांगितलं.

तिने ट्रंक पुढे ओढली.

"ट्रंक ऱ्हाऊ द्या. पडवी आमची हाय, पंचांची नाय."

आमच्यात नवा बैल गोठ्यात घ्यायच्या आधी दारात सवाष्णीने नाही तर कुवारीने त्याच्या पायावर पाणी घालायचं, कपाळाला हळदकुंकू लावायचं. विधवेने तेव्हा समोरही यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलत्याने आमच्या अंगणात माणसं जमवली, तेव्हा मी बैल सोडून सगळ्यांच्या मधून आमच्या दारात आणून उभा केला आणि पडवीकडे तोंड करून ओरडलो, "बाय, या! आमच्यात हा मान कुवारीचा असतो." चुलता "अरे, अरे" करीत पुढे आला. ती पडवीतून बाहेर आली. मी पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि वेसण धरून उभा राहिलो.