शेअरबाजारात घासाघीस

मी आयुष्यात एकदाच शेअरबाजाराशी व्यवहार केला आणि तो बाजार माझ्याशी अत्यंत उद्धटपणे वागला.

डोक्यावर पातेली घेऊन पाड्यापाड्यांवर हिंडत मी खोडाळ्यात भांड्यांचं दुकान उभं केलं, ते केवळ घासाघिशीच्या जोरावर. (माझ्या लग्नात गुरुजींची दक्षिणासुद्धा मीच पाडून घेतली होती. त्यांच्या हातात अंतरपाट असताना!)

आमच्या दीपालीला अकरावीत कॉलेजच्या सरांनी शेअरचं वेड लावलं. सुट्टीत दुकान सांभाळल्याची मजुरी तिने माझ्याशी भांडून वसूल केली होती. त्या पैशांत तिला पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे वीस शेअर हवे होते. पैसे बरोबर तेवढेच. वय अठराच्या आत, म्हणून नाशिकच्या दलालाकडचं खातं माझ्या पालकत्वाखाली. म्हणजे पैसे तिचे, तोंड माझं. घोटाळा तिथेच झाला.

आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही हमीदचाचांच्या टेलिफोन बूथवर गेलो.

"काय भाव?" मी दलालाला विचारलं.

"एकशे दहा."

"ऐंशी."

"काका, भाव मी नाही ठरवत."

"मग जो ठरवतो त्याला फोन द्या!"

दीपाली माझा सदरा ओढत होती. "बाबा, घ्या ना! कालच्यापेक्षा कमी आहे."

"गप! गिऱ्हाईक खूश दिसलं की भाव चढतो."

तोवर मागे माणसं जमली. नागली विकणाऱ्या एका आजीने विचारलं, "शेठ, बकरा घेता का काय?"

"शेअर घेतोय."

"दूध देतो का?"

"कधीकधी देतो, आजी," दीपाली म्हणाली.

"मंग घेऊन टाका ना, शेठ. पोरीला काय रडवता?"

मी तापलो. "पंच्याऐंशी, शेवटचं! नाही परवडत? मग ठेवा तुमच्याकडेच!" आणि फोन आपटला.

आता यातलं मर्म सांगतो. भाव पटला नाही की सरळ चालू लागायचं, मागे वळून बघायचं नाही. दुकानदार हाक मारतोच! मी बूथबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. फोन वाजला की उठायचो.

"तुमचा नाही, शेठ. बसा," हमीदचाचा म्हणायचे.

कुणाचा पोरगा भिवंडीहून बोलत होता, कुणाची बहीण बाळंत झाली होती. माझ्यासाठी कुणी फोन करेना.

"बाबा," दीपाली हळूच म्हणाली, "त्यांच्याकडे या बूथचा नंबर तरी आहे का?"

असे प्रश्न मुलांनी वडिलांना विचारू नयेत.

तरी मी हरलो नव्हतो. बाजार उठताना टोमॅटोवाला टोपली अर्ध्या भावात देतो. संध्याकाळी मी मुद्दाम पुन्हा फोन लावला.

"काका, बाजार कधीच बंद झाला!"

"म्हणूनच तर! उरलेला माल काय भावाने काढताय?"

हमीदचाचांनी तोंडात रुमाल कोंबला.

दुसऱ्या दिवशी बूथवरून विचारलं, तर भाव एकशे चोवीस! दुकान बंद असताना भाव वाढवायचा, ही कुठली रीत? मी बोलत सुटलो, पण दीपालीचे डोळे भरून आले. तिच्या पैशांत आता सतराच शेअर बसत होते.

"मला वीसच पाहिजेत. वरचे पैसे तुम्ही द्यायचे."

"निम्मे देतो."

"सगळे!"

"बरं, पाऊण. बापाला काही सूट?"

तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि दलालाला म्हणाली, "दादा, असेल त्या भावाने वीस घ्या. बाबा हो म्हणतायत." मग फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"हो," मी म्हणालो.

एक पैसाही न पाडता मी घेतलेली ही आयुष्यातली पहिली वस्तू. ती डोळ्यांना दिसली नाही, हातात आली नाही, आणि वर माझ्या मालकीचीही नाही!