साडूंच्या बोटीचे पाय

आमच्या साडूंइतका, पाण्याला पाय न लावता समुद्रात बुडालेला माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात दुसरा सापडणार नाही. पूर्णा गावात त्यांची सहा गोडाऊन आहेत. पाचांत लोकांचे फ्रीज, चपला आणि बाळांचे डायपर भरलेले असतात. सहाव्यात, जिथे एखादा भाडेकरू सुखाने नांदला असता, तिथे नऊ वर्षं एक सत्तावीस फुटी शिडाची बोट लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. फायबरची, जुन्या नावाजलेल्या बनावटीची, मुंबईतल्या कुणा हौशी माणसाकडून नुसतं कवच म्हणून आणलेली. किनाऱ्याकिनाऱ्याने चार-आठ दिवस हिंडावं, आतच झोपावं, आतच चहा करून प्यावा, यासाठी ही बोट काढली आहे असं तिच्या माहितीपुस्तकात लिहिलंय. साडूंनी तो चहा नऊ वर्षं गोडाऊनच्या वॉचमनकडून मागवला.

त्या माहितीपुस्तकात एक तक्ता आहे, आणि साडूंची वाट त्या तक्त्याने लावली. बोट एकच, पण तिचे प्रकार हे एवढे! पोटाखाली माशासारखा जो जड पंख असतो, ज्याला कील म्हणतात, तो आखूड, खोल किंवा दोन बाजूंना दोन पायांसारखे दोन अशा तीन तऱ्हांचा. डोलकाठी बुटकी किंवा उंच. सुकाणूला साधा लाकडी दांडा किंवा गाडीसारखं चाक. आतलं टेबल मधोमध किंवा कोपऱ्यात. दुसरा माणूस यातलं एकेक निवडून मोकळा झाला असता. साडूंनी सगळे प्रकार एकाच बोटीवर, एकामागून एक करून पाहिले. आखूड कील लावली, मग कुठेतरी वाचलं की ती वाऱ्यात आडवी घसरते, म्हणून कापून खोल केली. कील खोल झाल्यावर काठी बुटकी दिसायला लागली. काठी उंच केली तर दांडा गावठी वाटू लागला आणि चाक आलं. टेबल तर इतक्यांदा सरकलं की त्यालाच बोट लागली असेल. फायबरचं काम करणारा कारागीर दर वर्षी गावाहून परतला की विचारायचा, "सेठ, इस साल नाव पानी में जाएगी, कि फिर काटनी है?"

"काटनी है," साडू म्हणायचे, "लेकिन आखिरी बार."

हे सगळं स्वतःपुरतं ठेवलं असतं तरी आम्ही सोसलं असतं. पण स्वतःच्या पुतणीच्या साखरपुड्यात हा गृहस्थ आचाऱ्याच्या पाण्याच्या पिंपात नारळाच्या करवंट्या सोडून बसला. एका करवंटीला खाली एक चमचा चिकटवलेला, दुसरीला दोन. "बघा मास्तर, एक चमचावाली वाऱ्यावर कशी तोलून जाते!" मी मास्तर असल्यामुळे मला सगळं समजतं असा त्यांचा समज आहे. आचारी चमचे शोधत फिरत होता आणि मुलाकडचे व्याही पिंपाभोवती जमून मान डोलवत होते. अंजूरफाट्याला ट्रकांच्या रांगेत तासभर अडकलो असताना साडू काच खाली करून बोट ओलं करायचे आणि वारा कुठला आहे ते सांगायचे. धूर कुठला आहे ते मी सांगायचो. आणि एका रविवारी त्या कोरड्या ठणठणीत गोडाऊनमध्ये ते लाइफ जॅकेट घालून बोटीत झोपलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, एरवी कमी बोलते. ती म्हणाली, "सवत आनली असती तं निदान भाकऱ्या तरी थापल्या असत्या तिनं."

आता ही सगळी यातायात ज्यांच्यासाठी चालली होती, ते साडूंचे वडील. वय पंच्याऐंशीच्या पुढे. खारबावच्या खाडीत त्यांनी जन्मभर शिडाचा मचवा हाकला, गवत आणि विटा नेल्या. सगळे त्यांना तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या, म्हणत. ट्रकांचा जमाना आला तेव्हा तरुण साडूंनी बापाच्या मागे लागून तो मचवा विकायला लावला. म्हाताऱ्याने मचवा विकला. फक्त सुकाणूचा लाकडी दांडा तेवढा काढून घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगला. तीस वर्षं साडू त्या दांड्याखाली बसून जेवले. "बाबा, तुमाला नवीन बोट करून देतो, तुमीच हाकायची," हा शब्द त्यांनी तिथेच दिला होता. म्हातारा थकत चालला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. एकट्या साडूंना तक्ता दिसत होता.

तांडेल वर्षातून एकदा गोडाऊनमध्ये यायचे, बोटीभोवती काठी टेकत चक्कर मारायचे आणि खाडीतल्या गाळाचं तेच तेच सांगायचे. "दोन पायांची कर. आपली खारी गालानं भरलीय. पानी गेला की दोन पायांवर उबी ऱ्हाते, एका पायावर पडते. आन् डोलकाठी बुटकी ठेव, पुलाखालून जाया पायजे. सुकानूला लाकडी दांडाच बरा." साडू तक्ता पुढे करायचे. "बाबा, खोल कीलवालीच जास्त सरळ जाते, इकडं छापलंय."

"छापनाऱ्यानं आपली खारी बगलीय का?"

शेवटी गेल्या नारळी पौर्णिमेला बोट ट्रेलरवर चढून खारबावच्या धक्क्याला गेली. खोल कील, उंच काठी, चकचकीत चाक. मुहूर्त भटजींनी काढला, दुपारी तीनचा. भरती त्या दिवशी दीडला पुरी होत होती. ज्याच्या सात पिढ्या भरती बघून जेवायला बसल्या, त्या माणसाने भरती सोडून सगळ्यांना विचारलं होतं. तांडेल धक्क्यावरून दोनदा म्हणाले, "पानी मुहूर्ताला थांबत न्हाय." पण नारळ, आरती, भाषणं, ड्रोनचं शूटिंग! निघालो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. दोनशे पावलं गेलो असू, खालून गुबकन आवाज आला आणि बोट थांबली. मग पाणी उतरू लागलं तशी ती सावकाश एका कुशीवर कलली. समोसे, पेढे आणि भटजी एकाच बाजूला घसरत आले. पाहुण्यांना एका होडीने काढून नेलं. मला उतरायची भीती वाटली म्हणून मी राहिलो, निष्ठेचा काही संबंध नाही.

तांडेल उतरलेच नाहीत. कललेल्या बोटीत पाय रोवून ते चाकाला हात लावून बसले होते. समोर नुसता चिखल, त्यात चार बगळे. साडू गुडघ्यांत मान घालून बसलेले. तसंच बसून त्यांनी विचारलं, "बाबा, काय चुकलं माझं?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तक्ता न काढता प्रश्न विचारला होता.

"काय न्हाय चुकला," म्हातारा लांब गेलेल्या पाण्याकडे बघत म्हणाला. "उशीर झाला, येवढाच."

पुढच्या भरतीला बोट उठली. तांडेलांनी तिला दोनशे पावलं मागे आणून धक्क्याला अलगद लावली. त्यांचा सगळा प्रवास एवढाच. माघात ते गेले.

आता ती बोट खारबावला असते. पुन्हा कापून घेतलेली, दोन पायांची, बुटक्या काठीची. चाक काढलंय आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा दांडा तिथे बसवलाय. ओहोटीला ती चिखलात सरळ उभी असते, भरतीला आम्ही दोघं जातो, आणि दांडा साडूंच्या हातात असतो. ते माहितीपुस्तक मी परवा चाळलं. तक्त्याच्या खाली, जिथे छापील प्रकार संपतात, तिथे त्यांनी पेनाने एक ओळ लिहिली आहे: "दोन पाय, बुटकी काठी, लाकडी दांडा. बाबांनी पहिल्या दिवशी सांगितलेली." इतकी वर्षं मी साडूंच्या प्रत्येक गोष्टीची टिंगल केली आहे. ती ओळ मात्र मी पुन्हा एकदा वाचली आणि पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.